पाणी देऊ नये

११ एप्रिल, शुक्रवार. धुळे.

आज ह्यांना केंद्रात दाखल केलं. म्हणजे किरणने केलं, मला नुसतं गाडीत शेजारी बसवलं. लकवा झाल्यापासून दवाखान्यात राहून झालं, आता म्हणे इथे राहून व्यायाम घेतला की उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं परत येईल. आमच्या चोपड्याला अशी सोय नाही. किरण नरडाण्याला कंपनीत आणि राहायला इथे देवपूरला, म्हणून धुळं. मी त्याच्याकडे राहून रोज सकाळी रिक्षाने यायचं, संध्याकाळी भेटीची वेळ संपली की बाहेर पडायचं, असं ठरलंय. ठरलंय म्हणजे मुलाने ठरवलंय.

जागा स्वच्छ आहे. फारच स्वच्छ आहे. मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून मी जन्म काढला. तपासणीच्या दिवशी आमची फरशीसुद्धा अशीच चमकायची, आणि मी मुद्दाम वाकून पलंगाखाली बघायचे. इथेही बघितलं. काही सापडलं नाही, पण फिनाईलचा वास जरा जास्तच येतो. कोणता वास झाकायचाय, देव जाणे.

ह्यांच्या डोक्याशी भिंतीवर एका पोरीने पाटी लावली. लाल अक्षरात ‘पाणी देऊ नये’, आणि खाली बारीक, ‘घट्ट केलेलेच द्यावे’. एप्रिल महिन्यात, धुळ्यात! डोक्यात तिडीकच गेली. पोरीचं नाव साक्षी. गिळण्याचे आणि बोलण्याचे व्यायाम ती घेते. तिने समजावलं की झटक्याने घशाचे स्नायू ढिले पडलेत, पातळ पाणी पोटाऐवजी श्वासनळीत उतरतं आणि तिथून फुफ्फुसात जातं, म्हणून पाण्यात पावडर घालून ते दाट करून चमच्याने द्यायचं. “त्यांना ठसकाही लागत नाही, अक्का,” ती म्हणाली, “म्हणून तर जास्त जपायचं.”

मी मान डोलावली. म्हातारपणापर्यंत ह्या माणसाने प्यायलेलं पाणी पोटातच गेलं, ते आता वाट चुकणार? आणि ठसका लागत नाही, तर वाट चुकलं हे हिला सांगितलं कुणी?

एसटीतून रिटायर झाल्यावर ह्या माणसाने दर उन्हाळ्यात चोपड्याच्या स्टँडवर निंबाखाली पाणपोई चालवली. वाळा टाकलेला रांजण, आणि हातात ओगराळं घेऊन हे स्वतः बसलेले. कोण, कुठला, कधी विचारलं नाही. त्याच्या डोक्यावर ही पाटी!

१२ एप्रिल

साक्षी ह्यांच्यासमोर बसते आणि लहान मुलाला सांगावं तसं सगळं सांगते. पाणी कुठून जातं, का द्यायचं नाही, हनुवटी छातीला टेकवून कसं गिळायचं. हे मान हलवतात. बोलता येत नाही, पण समजतं सगळं, असं ती म्हणते. असेल.

खोटं बोलणाऱ्या पोरीचा चेहरा पाहू नये, कान पाहावा. कान लाल होतो. ह्या एका खुणेवर मी वसतिगृह चालवलं. हे मला चिडवायचे, “पोरींचे कान तू बघतेस, तुझे कोण बघतं?” आणि चिमटीत माझ्या कानाची पाळी धरायचे. साक्षीचे कान बघायला गेले तर केसांखाली झाकलेले. कान झाकणाऱ्या पोरींवर मी कधी विश्वास ठेवला नाही.

१४ एप्रिल

आज जयंतीची सुट्टी. साक्षी मिरवणुकीला गेलेली. एका मावशीने वाटीभर दाट पाणी आणून दिलं. ती वळल्यावर मी चाखून पाहिलं. साडीला घालायची खळ! ना चव, ना गारवा, जिभेला नुसतं चिकटतं. अशाने तहान भागते का कुणाची? ह्यांनी मुकाट गिळलं. माझ्याकडे बघत गिळलं. मला भडभडून आलं, पण ह्यांच्यासमोर रडायचं नाही असं मी ठरवलंय.

शेजारच्या पलंगावर शिंदखेड्याकडचे वाल्मीक आबा असतात. मांडीचं हाड मोडलंय. त्यांची बायको रुक्माबाई दिवसभर त्यांच्या पायाशी बसून असते. आबा तांब्याने घटाघटा पाणी पितात आणि आमचे हे बघत राहतात. निदान मध्ये पडदा तरी लावा, असं मी सांगितलं. अजून लावला नाही.

१६ एप्रिल

कुठेतरी पाणी मुरतंय. माणूस आजारी राहिला तरच ह्या केंद्रवाल्यांचा पलंग भरलेला राहणार ना? तहानेने माणूस अशक्त होतो, अशक्त माणसाला व्यायाम झेपत नाही, व्यायाम झाला नाही की मुक्काम लांबतो. किरणला सांगितलं तर म्हणतो, आई, तू आता रेक्टर नाहीस. रत्ना, माझी सून, भाकरी थापत होती. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, पण तिचे खांदे हसत होते.

१७ एप्रिल

आज मी पाणी दिलं.

डबा मी माझ्या जेवणासाठी नेते, तो कुणी तपासत नाही. खालच्या कप्प्यात माठातलं पाणी भरून नेलं. वसतिगृहात एक पोरगी असंच तूप आणायची. मी पहिल्याच दिवशी पकडली होती तिला. इथल्या लोकांना तेवढी अक्कल नाही.

दुपारी सगळं शांत झाल्यावर झाकणात पाणी ओतून ह्यांच्या ओठांशी नेलं. ह्यांनी आधी वर पाटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “प्या हो,” मी म्हटलं, “आपल्या घरचं आहे.” तेव्हा तोंड उघडलं. सगळं प्यायले. ठसका नाही, उचकी नाही, काही नाही. डोळ्यांतून मात्र पाणी आलं. इतक्या दिवसांनी खरं पाणी मिळालं, येणारच.

रुक्माबाईने पाहिलं. मी पण तिच्याकडे पाहिलं, पोरींकडे पाहायचे तसं. तिने मान खाली घातली.

२० एप्रिल

रोज देतेय. चेहऱ्यावर तकाकी आल्यासारखी वाटते. घशातून थोडा आवाजही निघायला लागलाय, घरघर केल्यासारखा, ओलसर. साक्षीला ऐकवला. मला वाटलं खूश होईल. तर ती कपाळाला आठ्या घालून नळी लावून घसा ऐकत बसली. छाती ऐकणारे डॉक्टर पाहिलेत, घसा ऐकणारी हीच पहिली.

आज एक गंमत झाली. नव्या मावशीने पाटी न वाचता ह्यांच्यासमोर साध्या पाण्याचा पेला धरला. हे मान हलवत राहिले, शेवटी डाव्या हाताने पेला बाजूला सारला. बघा कसं धाकात ठेवलंय! तहानलेला माणूस समोर आलेलं पाणी नाकारतो. माझ्या हातचं मात्र गुपचूप पितात. विश्वास फक्त माझ्यावर उरलाय.

२२ एप्रिल

ह्यांच्या अंगात कणकण आहे. कूलरची हवा थेट अंगावर येते, मी पहिल्या दिवसापासून सांगतेय.

२३ एप्रिल

ताप उतरेना. साक्षीने मला बाहेर बाकावर बसवलं आणि विचारलं, घरून काही देता का? चहा, सरबत, पाणी? मी म्हटलं, मी काय अडाणी आहे? ती म्हणाली, रागावू नका अक्का, सगळ्यांनाच विचारते. जाताना तिची नजर माझ्या डब्यावर गेली, हे माझ्या लक्षात आलं. आपली चूक दुसऱ्याच्या गळ्यात अडकवायची तयारी चाललीय. हे मी आयुष्यभर पाहिलंय. पोरी अशाच करायच्या. कपाट उघडं सापडलं की पहिलं बोट शेजारणीकडे.

२४ एप्रिल

व्यवस्थापक लीलाधर सरांकडे तक्रार दिली. रुग्णाला तहानलेलं ठेवते, धाक दाखवते, ताप आल्यावर नातेवाइकांवर ढकलते. सरांनी ऐकून घेतलं, मग साक्षीला बोलावून माझ्यासमोरच विचारलं. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. केस बांधलेले होते आज. कान पाहिले. लाल नव्हते, पांढरे पडले होते. पांढरे पडण्याचा अर्थ मला माहीत नाही.

तिला बायकांच्या विभागात पाठवलं. ह्यांच्याकडे आता दुसरी कुणी येईल.

बाहेर आले तर रुक्माबाई दारातच उभी. मला म्हणाली, “तिले कसाले बोलनी माय? ती पोर चांगली शे. बठ्ठं तीच करस.” मी म्हटलं, तिला का बोलले आणि सगळं कोण करतं, हे तुम्हाला काय कळतंय. ती पदर सारखा करत वाल्मीक आबांकडे गेली आणि पाठ करून बसली. तिलाही फितवलेलं दिसतंय.

२६ एप्रिल

नवी मुलगी मोबाइलमध्ये असते. दाट पाण्याची वाटी ठेवते आणि जाते. मला आता लपवावंही लागत नाही. सकाळी एकदा, दुपारी एकदा, निघताना एकदा देते. पण हे थकल्यासारखे झालेत. आज तोंड उघडायला वेळ लावला. माझ्या हातावर हात ठेवला, पुन्हा काढून घेतला, मग उघडलं.

२८ एप्रिल

केंद्रातून फोन आला तेव्हा मी पोळी खात होते. ह्यांना मोठ्या दवाखान्यात हलवलं. श्वास लागला होता, ओठ निळे पडले होते. किरणने गाडी कशी चालवली त्यालाच माहीत. आता नाकाला ऑक्सिजन आहे. न्यूमोनिया. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून दाखवला. उजवीकडे खाली सगळं पांढरं. मी विचारलं, हे कशाने होतं? म्हणाले, असे पेशंट गिळताना चुकले तर होतं.

गिळताना चुकले. म्हणजे ती खळ. ती खळच अडकली असणार.

किरण केंद्रावर खवळलाय. साक्षीचं नाव घेऊन पोलिसात जातो म्हणाला. लीलाधर सरांचा फोन आला, म्हणाले, तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगतो, पण बाहेर बोभाटा करू नका. मला बरं वाटायला हवं होतं. दुपारपासून डब्याचा खालचा कप्पा धुवायचा राहिलाय. तो धुवायला उठवत नाही.

२९ एप्रिल

ठसका लागला असता तर मी थांबलेच असते की. एकदाही लागला नाही. एकदाही नाही.

३० एप्रिल, आखाजी (अक्षय्य तृतीया)

रत्नाने सकाळी घागर भरली. पाट मांडून त्यावर पाण्याने भरलेली मातीची घागर, वर लहान लोटा, त्यावर खरबूज, सांजोऱ्या, दोन आंबे. माझ्या सासऱ्यांचं नाव घेतलं, माझ्या सासूबाईंचं घेतलं. गेलेल्यांना पाणी पाजायचा दिवस. दरवर्षी घागर हे भरतात, मी नुसती हळदकुंकवाची वाटी धरून उभी असते. रत्ना म्हणाली, आई, तुम्ही पाणी घाला. माझा हातच पुढे होईना. पुढच्या वर्षी ह्या घागरीपाशी कुणाचं नाव घ्यावं लागेल हे मनात आलं आणि मी तशीच खाली बसले. तिला वाटलं ऊन लागलं. तिने मला तांब्याभर पाणी आणून दिलं. मी ते प्यायले. पाणी किती सहज जातं खाली.

दवाखान्यात गेलो तर साक्षी आलेली. कामावरून काढलेली पोरगी कशाला येते? पुरावे गोळा करायला, दुसरं काय, असं मनात आलं. ती ह्यांच्या डाव्या बाजूला उभी होती. ह्यांनी तिचं बोट धरलं होतं. मी गेल्यावर ती मागे सरकली.

डॉक्टर आले. किरण, मी, साक्षी, सगळे पलंगाभोवती. डॉक्टरांनी सरळच सांगितलं की ताप उतरतोय, धोका टळतोय, पण आता पुढचं ठरवावं लागेल. दाट करून दिलेलंसुद्धा फुफ्फुसात जात असेल, तर तोंडाने काहीच देता येणार नाही. पोटाला छिद्र पाडून नळी बसवायची, सगळं तिच्यातूनच. किरणने विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, कायमची धरून चला.

कायमची. म्हणजे पुढच्या आखाजीला आमरस नाही, खापरावरची पुरणपोळी नाही, चहाचा घोट नाही. माणूस जिवंत असून जिभेला काही लागायचं नाही.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. “आजी, नक्की आठवून सांगा. साधं पाणी, चहा, कुणी कधी दिला होता का? तसं असेल तर गोष्ट वेगळी. मग नळीची गरज पडणार नाही कदाचित.”

किरण मध्येच म्हणाला, आमची आई असं करणारच नाही. साक्षी जमिनीकडे बघत होती. सांग, आता सांग, असं माझं मन ओरडत होतं, आणि माझं तोंड बोललं, “एक थेंबसुद्धा नाही.”

तेवढ्यात कानाला काही लागलं. ह्यांचा डावा हात. पलंगाच्या कडेवरून वर आला होता. मी वाकून उभी होते. ह्यांनी चिमटीत माझ्या कानाची पाळी धरली. जोर नव्हता त्यात, पण सोडली नाही. कान तापलेला होता, ते मला ह्यांच्या गार बोटांमुळे कळलं. किरण हसला, बघा, बाबांना चेष्टा सुचतेय, म्हणजे बरे होणार. डॉक्टरही हसले. हे हसत नव्हते. नुसते बघत होते.

मी म्हटलं, “मी दिलं. रोज दिलं. ह्या पोरीने नाही, मी.”

किरणने माझ्याकडे जे पाहिलं ते लिहीत नाही. तशी नजर मी अनेक पोरींना दिली आहे, ती अशी लागते हे माहीत नव्हतं. डॉक्टरांनी फक्त किती आणि कधीपासून ते विचारलं आणि साक्षीकडे वळून म्हणाले, चला, मग नळी नको, पुन्हा दाटावरच आणू. ह्यांनी हात खाली घेतला तेव्हा त्यांचे डोळे मिटत आले होते.

२ मे

लीलाधर सरांकडे जाऊन आले. तक्रार मागे घेतली, खरं काय ते सांगितलं, साक्षीला परत घ्या म्हटलं. ते म्हणाले, बघतो. ‘बघतो’ मला चालणार नाही म्हटलं, आणि ती कामावर येईपर्यंत मी ह्या खुर्चीतून उठणार नाही म्हटलं. त्यांनी फोन लावला. हा माणूस मला अजूनही सरळ वाटत नाही. बोलताना टाय सारखा करतो.

रुक्माबाईलाही भेटले. तिने माझ्यासाठी सांजोरी ठेवली होती. मी खाल्ली.

१४ मे

हे परत केंद्रात आलेत. तोवर अन्न द्यायला नाकातून घातलेली तात्पुरती नळी आज काढली. पाटी तीच, अक्षरं तीच.

साक्षी आली. तिला मी काय म्हणणार होते ते रिक्षात पाठ केलं होतं, सगळं विसरले. हात जोडले तर तिने धरून खाली केले. “हात दुसऱ्या कामाला पाहिजेत, अक्का,” ती म्हणाली आणि पावडरचा डबा, पेला, चमचा माझ्यापुढे ठेवला. किती पाण्याला किती पावडर, कसं ढवळायचं, गाठ राहू द्यायची नाही, चमचा तिरपा केला की कसं हळू घसरलं पाहिजे. मी आधी डबा उघडून चिमूटभर जिभेवर ठेवली. ती बघत होती. मी म्हटलं, सवय आहे. ती पहिल्यांदाच हसली. केस मागे बांधलेले होते.

मग ढवळता ढवळता तिने विचारलं, “अक्का, एक कळत नाही. मी बाबांना रोज सांगायचे. त्यांना सगळं समजत होतं. मावशींनी पेला धरला तर त्यांनी नको म्हटलं. मग तुमच्या हातून का प्यायले?”

मी म्हटलं, तहान लागली असेल.

वाल्मीक आबांना चालवायचं होतं म्हणून ती गेली.

मी ह्यांच्याजवळ बसले. पेल्यात ती खळच, पण साक्षीला विचारून, घरून आणलेल्या वाळ्याच्या गाळलेल्या पाण्यात कालवलेली. मी हळूच विचारलं, “अहो, तुम्हाला माहीत होतं? पाणी कुठे जातंय ते?”

ह्यांनी मान हलवली. हो.

“मग नको म्हणायचं नाही का? माझ्या हातचं पाणी नाही का बाजूला सारता आलं?”

ह्यांनी वर पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, त्या दिवशी पाहिलं होतं तसंच. माझ्या हातात चमचा होता. ह्यांनी तोंड उघडलं.